तुम्ही लिंपून टाकलेली भिंत

अहो, आज पंधरावा दिवस. माणसं अजून येतायत, तुमच्या फोटोसमोर हात जोडतायत आणि मला तुमचे गुण ऐकवतायत. जसं काही छत्तीस वर्षं मी दुसऱ्याच कुणाच्या घरात राहत होते. कुणाच्या लग्नात ऐन पंगतीला दिवे गेले आणि परबकाका भरल्या ताटावरून उठले. कुणाच्या घरी परीक्षेच्या दिवसांत पंखा बंद पडला आणि काका स्वतःच्या घरचा काढून लावून आले. सगळं खरं आहे. तो पंखा आपल्याच बेडरूममधला होता आणि ते दोन महिने मी उकाड्यात काढले, म्हणून मला चांगलंच आठवतं. मी मान डोलावते, चहा विचारते. आतून मात्र अंगाचा तिळपापड होत असतो. आलेल्यांशी भांडता येत नाही आणि तुमच्याशी भांडायची सोय तुम्ही ठेवली नाहीत. शाळेच्या ऑफिसात तीस वर्षं मी दुसऱ्यांची पत्रं लिहिली. हे एक माझं लिहिते.

रडले नाही असं समजू नका. रडले. तुमचा चष्मा अजून टीव्हीच्या टेबलावर आहे आणि त्याच्याकडे बघितलं की पुन्हा रडू येतं. पण रडून झालं की राग पुन्हा जागेवर येऊन बसतो, आणि आता मला त्याला उठवायचं नाहीये.

तो मार्गशीर्षातला गुरुवार. दीड वर्ष झालं त्याला. मी घट मांडला, निरांजन लावलं आणि खाली तळमजल्यावर म्हात्रेआत्यांकडे हळदीकुंकवाला गेले. वीस मिनिटं झाली असतील. आत्या माझी ओटी भरत होत्या आणि बाहेरून ओरडा आला, दुसऱ्या मजल्यावरून धूर येतोय. मी ओटीतला नारळ हातात घेऊनच धावले. जिन्यात मला कुणीतरी धरून ठेवलं. आपलं स्वयंपाकघर, फ्रिज, त्याच्या शेजारच्या फळीवरचा देव्हारा, हॉलचं अर्धं छत, सगळं तासाभरात काळं झालं. पाण्याचा बंब निघून गेल्यावर अख्खी बिल्डिंग खाली कंपाउंडमध्ये उभी होती आणि कुणीतरी विचारलं, "काका, लागली कशी?"

तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. म्हणालात, "गुरुवारची पूजा होती. दिवा लावून ही खाली आली होती."

दोन्ही वाक्यं खरी होती. तुम्ही खोटं बोललाच नाहीत, हे मला आता कळतंय. कपाळावर ओलं कुंकू, हातात नारळ, आणि सगळे माझ्याकडे बघत होते. बायका "जाऊ दे, जीव वाचला ना" म्हणत होत्या. मला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. घर मी जाळलं, हे मी त्याच जागी उभी राहून मान्य करून टाकलं.

पुढचे पाच महिने आपण जूचंद्रला नितीनकडे राहिलो. मुलगा चांगला, सूनही वाईट नाही, हे मी कुणालाही सांगेन. पण स्वाती ऑफिसला निघताना सिलिंडरचं बटण बंद करून जायची आणि जेवण मायक्रोवेव्हमध्ये ठेवलंय म्हणून सांगायची. ओवीला शाळेतून आल्यावर शेजारच्या काकूंकडे ठेवायचे. आजी घरात धडधाकट बसलेली असताना. एकदा पोरीनं मला विचारलं, "आजी, आग तू लावलीस ना?" सात वर्षांची पोर. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसती उत्सुकता होती. तुम्ही समोर पेपर वाचत होतात. मी "हो" म्हटलं. तुम्ही पान उलटलंत.

ते पान उलटणं मी तुम्हाला कधीही माफ करणार नाही.

तुम्ही रोज सकाळी डबा घेऊन इथं चंदनसारला, आपल्या जळक्या घरी जायचात. घर पुन्हा उभं करायचं तर मीच करणार, दुसऱ्याचा हात लागू देणार नाही, असा तुमचा हट्ट. काळं झालेलं प्लास्टर तुम्ही स्वतः गवंड्याबरोबर तासून काढलंत, छतातल्या सळ्या घासल्यात, ओट्यासाठी दगड बघायला कुठं कुठं हिंडलात. संध्याकाळी परत यायचात तेव्हा भुवयासुद्धा पांढऱ्या झालेल्या असायच्या. मला वाटायचं, माझ्या चुकीपायी या वयात ह्यांच्यावर ही वेळ आली. मी तुमचे पाय चेपायचे, आणि तुम्ही चेपून घ्यायचात.

एकदाच, अगदी सुरुवातीच्या दिवसांत, मी न सांगता आले होते. तुम्ही मला दारातच अडवलंत. "धूळ आहे, तुझा दमा उठेल." पण मी आत डोकावले. सगळं घर अजून काळंच होतं. फक्त फ्रिजमागची एक भिंत नवी लिंपलेली, ओली. मी विचारलं, आधी हीच का? तुम्ही म्हणालात, "फ्रिज इथंच येणार ना." माझ्यासारख्या बाईला तेवढं उत्तर पुरलं. तुमच्या कामातलं मला काय कळतं, असं मी आयुष्यभर धरूनच चालले होते.

नव्या घरात राहायला आलो तेव्हा मात्र मी तोंड उघडलं. सगळ्या भिंतींवरून वायरींच्या पांढऱ्या पट्ट्या फिरवलेल्या आणि जिथं जिथं वायर वळते किंवा जोडलेली आहे तिथं एक एक चौकोनी डबी. हॉलच्या ऐन मध्यावर एक. नवं घर आणि दुकानाच्या गोदामासारखं दिसत होतं. आग लागायच्या आधी आपल्या भिंती कशा गुळगुळीत होत्या! नितीनसाठी मुलगी बघायचं चाललं होतं तेव्हा रंग काढला होता, फ्रिजची नवी लाईन घेतली होती, आणि मीच म्हटलं होतं, ती डबी भिंतीवर नको, डोळ्यांत खुपते. तुम्ही हसून म्हणाला होतात, "माझ्या हातचा जॉइंट आहे, त्याला डबी लागत नाही." आणि लिंपून टाकलात. ती भिंत बघून बिल्डिंगमधल्या बायकांनी आपापल्या घरी तशीच करून घेतली. परबांकडे आहे तशी. केवढ्या तोऱ्यात तुम्ही घरोघरी गेला होतात तेव्हा.

हो, डबी नको हे मी म्हटलं होतं. ते नाकारत नाही. पण वायरमन मी नव्हते.

आणि नव्या देव्हाऱ्यात तुम्ही मला काय दिलंत? बल्ब. लाल, लुकलुकणारा, ज्योतीच्या आकाराचा. बटण दाबायचं की देवापुढं उजेड. गेल्या मार्गशीर्षात मी म्हटलं, चार गुरुवार तरी तूप-वातीचा लावते, समोर बसून राहते, हलत नाही. तुम्ही म्हणालात, "पुन्हा घर पेटवायचंय?" स्वातीसमोर म्हणालात. मी बटण दाबलं आणि पोथी वाचली. देवीच्या तोंडाकडे बघवत नव्हतं मला.

या वर्षभरात तुम्ही सारखे पिशवी घेऊन वर-खाली करायचात. कुणाचा पंखा बघून येतो, कुणाचं बटण बघून येतो. डॉक्टरांनी जिना चढू नका म्हणून बजावलेलं. परत यायचात ते केसांत सिमेंट घेऊन. मी ओरडायचे, पंख्यातून सिमेंट गळतं का हो? तुम्ही सरळ आंघोळीला जायचात.

मग ते दवाखान्यातले दोन दिवस. पहिल्या दिवशी संध्याकाळी तुम्ही चांगले शुद्धीवर होतात. खोलीत आपण दोघंच. नितीन औषधं आणायला खाली गेला होता. तुम्ही माझा हात धरलात, आणि मला वाटलं आता काहीतरी बोलाल. तुम्ही म्हणालात, "म्हात्रेंकडचं राहिलंय." मी म्हटलं, राहू दे, जीव सांभाळा आधी. तुम्ही डोळे मिटलेत. अहो, अर्धा तास होता आपल्याकडे. अर्धा तास! मी कुठं जाणार होते?

तुम्हाला घरी आणलं, नेलं. जिथं ठेवलं होतं तिथं कणीक पसरून दहा दिवसांचा दिवा ठेवायचा. तुमच्या बहिणीला तेलाचाच दिवा हवा होता. स्वातीचं म्हणणं, बॅटरीचा ठेवूया. शेवटी तोड निघाली, दिवा तेलाचाच, पण पाळीपाळीनं प्रत्येकानं त्याच्यापाशी बसायचं. माझ्या पाळीचं नाव कुणी काढलं नाही. कुणी वाईट बोललं नाही, उलट सगळे म्हणत होते, तुम्ही आराम करा. तुमच्या दिव्यात शेजारच्या बाईनं तेल घातलं, तुमच्या भाच्यानं घातलं. मी समोरच्या भिंतीला टेकून बघत बसले. मेल्यावरसुद्धा तुमच्याजवळ मला ज्योत पेटवायची परवानगी नव्हती.

सातव्या दिवशी दुपारी राऊतभाऊजी आले. गोखिवऱ्याचे, तुमच्याबरोबर कंपनीत सत्तावीस वर्षं काढलेले. बाकीचे जेवून जरा लवंडले होते. भाऊजी दिव्यापाशी बसले. मग माझ्याकडे वळून हळू म्हणाले, "वहिनी, तुमच्यासारखी बाई मी बघितली नाही."

मला वाटलं, नेहमीचंच सांत्वन. मी मान हलवली.

"नाही, खरंच. दुसरी कुणी असती तर दुसऱ्याच दिवशी गावभर सांगितलं असतं. तुम्ही सगळं अंगावर घेतलंत. त्याचं नाव राखलंत."

मग ते सगळं सांगत गेले. आगीनंतर तिसऱ्या दिवशी तुम्ही त्यांना बोलावून घेतलं होतंत. फ्रिजमागची भिंत दोघांनी फोडलीत. आत तुमच्या हातचा तो जॉइंट. भिंतीतली जुनी ॲल्युमिनियमची वायर आणि तुम्ही जोडलेली नवी तांब्याची, नुसती पिळून टेप मारलेली आणि वरून सिमेंट. वर्षानुवर्षं आतल्या आत तापत राहिलेली. आग तिथून निघाली होती, विटांपर्यंत जळालं होतं. देव्हाऱ्याची फळी हातभर अंतरावर, ती नंतर पेटली. "डोक्याला हात लावून खाली बसला तो," भाऊजी म्हणाले. "मला म्हणाला, नऊ घरांत असंच केलंय मी. मी म्हटलं, वहिनींचं काय? तर म्हणाला, तिला सांगितलंय सगळं. ती म्हणाली, लोक काय म्हणायचं ते मला म्हणू देत, तुमचं नाव जायला नको."

मी असं म्हणाले होते! कधी? कुठल्या खोलीत? मला एवढं मोठं मन तुम्ही देऊन टाकलंत आणि मलाच कळवलं नाहीत?

भाऊजींसमोर मात्र मी मान डोलावली. जणू हो, असंच झालं होतं. का डोलावली ते आठ दिवस शोधतेय. तुमची लाज राखायला की माझी, अजून सांगता येत नाही. नवऱ्यानं आपल्याला एवढंही सांगितलं नाही, हे तिसऱ्या माणसापुढं कबूल करायला जीभ रेटत नव्हती.

मग पुढचं कळलं. वर्षभर तुम्ही पंखे बघत नव्हतात. एकेका घरातली भिंत फोडून तुमचे जॉइंट काढत होतात, वायर बदलून, बाहेरून पट्टी आणि डबी बसवून देत होतात. लोकांना सांगायचात, नियम बदललाय, आता डबी बाहेरच लागते. भाऊजी जमेल तेव्हा मदतीला यायचे. आठ घरं झाली. नववं म्हात्रेआत्यांचं. त्यांनी नव्या रंगाच्या भिंतीला हात लावू द्यायला साफ नकार दिला होता. चार वेळा तुम्ही गेलात आणि चार वेळा परत आलात. तेच राहिलं होतं.

इथं मला तुमचा अभिमान वाटला, हे लिहायला हात नको म्हणतोय तरी लिहिते. छातीत दुखत असताना तिसऱ्या मजल्यापर्यंत हातोडी घेऊन जाणारा माणूस माझा होता. आठ घरांतली पोरंबाळं तुमच्यामुळं निर्धास्त झोपतात. मी एकटीच घरी बसून तुमच्या केसांतल्या सिमेंटवरून कटकट करत होते, कारण मला एकटीलाच काही माहीत नव्हतं. परक्या आठ घरांतल्या भिंती तुम्ही दुरुस्त केल्यात. आपल्या घरात तुम्ही जे मोडलंत त्याला मात्र हात लावला नाहीत. एक वाक्य लागलं असतं त्याला. सिमेंटसुद्धा नको होतं.

तेराव्यानंतर मी नितीनला सांगितलं. तो ऐकून घेऊन खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. मग म्हणाला, "आई, बाबा गेले. आता हे कशाला?"

"माझ्यासाठी," मी म्हटलं.

"कुणी तुला काही म्हणत होतं का? झालं गेलं होतं सगळं. आणि ते काही उत्तर द्यायला नाहीत आता."

"होते तेव्हा तरी कुठं दिलं?"

तो पुन्हा खिडकीकडे वळला. तुमच्यासारखाच उभा राहतो, पाठ करून. स्वाती आत भांडी लावत होती, तो खडखडाट थांबला होता. निघताना ती माझ्या पाया पडली आणि "ओवीला शनिवारी तुमच्याकडे ठेवू?" एवढंच विचारलं. नितीन खाली गाडीत जाऊन बसला होता. तो अजून माझ्याशी धड बोलत नाही. तुमच्यावरचा राग त्याला माझ्यावरच काढायचा आहे, आणि तेही मी समजू शकते. सवय आहे मला.

आज सकाळी राऊतभाऊजी अवजारं घेऊन आले. जिन्यात मला म्हणाले, "वहिनी, आपण तेच सांगू. नियम बदललाय, आता दंड होईल म्हणू. म्हातारी ऐकेल. त्याचं नाव राहील आणि तुम्ही इतके दिवस जे केलंत तेही फुकट जाणार नाही." मी जिना उतरत राहिले.

म्हात्रेआत्या दारातच बसल्या होत्या. "ये गो, बस. पानी देऊ?" भाऊजींच्या हातातली हातोडी बघून मात्र त्यांचा चेहरा फिरला. "परत तां? मी तुज्या नवऱ्याला पन सांगितला होता, माजे भितीला हात लावाचा नाय."

भाऊजींनी नियमाचं पाल्हाळ सुरू केलं. आत्या मानच हलवत होत्या. तुम्ही चार वेळा इथंच उभे होतात, हेच सांगत. पाच फुटांवर आत्यांची नात जमिनीवर चित्रं काढत पडली होती, त्याच भिंतीला पाय लावून.

मी म्हटलं, "आत्या, आमच्या घराला आग दिव्यानं नाही लागली. ह्यांनी भिंतीत जो जॉइंट लिंपला होता त्यानं लागली. तुमच्या भिंतीत तसाच आहे."

आत्यांची नजर आधी नातीकडे गेली, मग भिंतीकडे, मग पुन्हा माझ्याकडे आली. "म्हंजे तू नाय जालला घर?"

"नाही."

नातीला उठवून त्यांनी आतल्या खोलीत पाठवलं आणि भाऊजींना म्हणाल्या, "फोड." भाऊजींनी शिडी लावली. पहिलं प्लास्टर पडलं तोवर आत्या माझ्याजवळ सरकल्या होत्या. आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "मंग तू दीड वरीस गप का रायलीस गो? नवऱ्यासाठी?"

हातोडीचा आवाज थांबला. भाऊजी शिडीवरून खाली बघत होते, त्यांना उत्तर माहीत असल्यासारखे. आत्यांचे डोळे भरून आले होते. मला फक्त हो म्हणायचं होतं. त्यात तुमची अब्रू होती आणि माझा मोठेपणाही होता, आणि संध्याकाळपर्यंत सगळी बिल्डिंग माझे गुण गात बसली असती.

"नाही," मी म्हटलं. "मला ह्यांनी सांगितलंच नव्हतं. मलाही सातव्या दिवशीच कळलं."

भाऊजींच्या हातून छिन्नी खाली पडली. ती उचलायलासुद्धा ते उतरले नाहीत. आत्यांनी पदर तोंडाला लावला. मी उठून छिन्नी त्यांच्या हातात दिली आणि काम पुरं होईपर्यंत तिथंच बसले. जॉइंट निघाला, टेप जळून काळी झालेली. आज संध्याकाळपर्यंत तो सगळ्यांनी बघितलाय.

अहो, एकदा विचारायचं होतंत. कंपाउंडमध्ये नाही, तेव्हा तुम्हीही घाबरला असाल. नंतर कधीही. मी पाय चेपत होते तेव्हा, दवाखान्यात माझा हात धरलात तेव्हा. "माझं नाव जाईल, तू अंगावर घेशील का?" एवढंच. मी तुम्हाला नाही नाही ते बोलले असते, दोन दिवस जेवायला वाढलं नसतं, आणि मग अंगावर घेतलं असतं. मग आज आत्यांना मी नियम बदललाय म्हणूनच सांगितलं असतं, आणि जन्मभर कुणाला काही कळू दिलं नसतं.